चौऱ्याहत्तर अंशांवरचा आवाज

मंगळवार, ११ जून १९२९. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी हॅलर्स मिल गावाच्या वरच्या अंगाला असलेली टर्पेंटाइनची भट्टी उडाली. तांब्याच्या हंड्याचे झाकण साठ फुटांवर ओढ्यात सापडले. शेड जळून गेली. भट्टीवर त्या वेळी दोघे होते. आग सांभाळणारा लॉनी स्ट्रिकलंड याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. हंड्याच्या दुसऱ्या बाजूला असलेला भट्टीवाला ओबेद गूल्सबी भुवया आणि दाढी जळण्यावर निभावला, पण दोन दिवस त्याला काही ऐकू आले नाही.

हात महत्त्वाचे होतेच. पण पुढचे सगळे प्रकरण फिरले ते कानांभोवती.

ओबेद आणि त्याची अकरा जणांची टोळी मार्चमध्ये जॉर्जियाहून कॅलिफोर्नियात आली होती. पाइनच्या झाडाला खाच पाडायची, खाली पत्र्याचा डबा टांगायचा, गळलेला चीक गोळा करून पाण्याबरोबर हंड्यात उकळायचा, आणि वाफ थंड करून रंगात मिसळायचे टर्पेंटाइन तेल काढायचे, हा तिकडचा शंभर वर्षांचा धंदा. तिकडची झाडे संपत आली म्हणून कंपनीने पश्चिमेचे डोंगर धुंडाळायला घेतले. इथल्या पाँडेरोसा पाइनचा चीक चालतो का, हे पाहण्यासाठी ही भट्टी. देशात दारूबंदी असल्यामुळे तांब्याचा हंडा दिसला की शेरीफ यायचा, नळीच्या तोंडाशी नाक नेऊन जायचा. ओबेद त्याला प्रत्येक वेळी तेच सांगे, "घोटभर घेऊन बघा साहेब. घरी रंगकाम निघालं असेल तर आतूनच होऊन जाईल."

ओबेदचे वय अठ्ठावन्न. भट्टीवर एकतीस वर्षे. त्याने तापमापक कधी वापरला नव्हता. जॉर्जियातला भट्टीवाला हंड्याचे पोट ऐकतो. हंड्यातून निघालेली वाफ नागमोडी नळीतून जाते, नळी गार पाण्याच्या पिंपात बुडवलेली असते, आणि तिचे टोक पिंपाच्या तळाशी बाहेर येते. त्या टोकाशी गुडघे टेकून कान लावायचा. हंड्यात पाणी पुरेसे असेल तर भात शिजल्यासारखा जाड, संथ आवाज येतो. पाणी संपत आले की तळण तडतडावे तसे ऐकू येते. तेव्हा लगेच पाणी सोडायचे, नाहीतर चीक करपतो किंवा हंडा पेट घेतो. अमुक भट्टीवाल्याचा कान गेला, ही बातमी जॉर्जियाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आठवड्यात पोचते, आणि मग त्या माणसाला कोणी भट्टीजवळ उभे करत नाही.

कंपनीचे व्यवस्थापक व्हिटकॉम यांनी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी न्यायाधीशांकडे लेखी तक्रार दिली. वयामुळे गूल्सबीचा कान गेला आहे, ही गोष्ट त्याने लपवली, हंड्यातले पाणी संपल्याचे त्याला समजले नाही, सबब एका माणसाचे हात गेले. न्यायाधीश जडसन पीक यांना हे पटले असते तर खटला जिल्ह्याच्या कोर्टात गेला असता. ओबेदला तुरुंगाची धास्ती कमी होती. तक्रारीतले पहिले वाक्य खरे असेल का, हे त्याचे त्यालाच सांगता येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी तो लॉनीला भेटायला गेला. लॉनी त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. वय एकेचाळीस. दोन्ही हात कापडात गुंडाळून उशांवर ठेवलेले.

"दाजी, ऐकू येतंय का?"

"ओरडू नकोस."

"म्हणजे येतंय. मग आता ताईला पत्र लिहा. मला काही लिहिता यायचं नाही."

"तुला आधी तरी कुठे येत होतं."

लॉनी हसला, आणि हसताना हात हलले म्हणून कळवळला. मग म्हणाला, "पाणी संपलं नव्हतं, दाजी. मी पाच मिनिटांपूर्वीच बघितलं होतं. अर्ध्याच्या वर होतं. तुमचा कान गेला असेल, पण त्यानं काही उडालेलं नाही."

"मग कशानं उडालं?"

"ते मला माहीत असतं तर मी तिथं उभा राहिलो असतो का?"

हे उत्तर गावातल्या औषधाच्या दुकानातून आले. थिओडोरा हॅस्केल सव्वीस वर्षे ते दुकान चालवतात. डॉक्टर तीस मैलांवर असल्याने लॉनीच्या हातांवरचे पहिले उपचार त्यांनीच केले होते. त्याचा सदरा कापून काढताना त्यांना एक वास आला. टर्पेंटाइनचा नाही. संत्र्याच्या सालीसारखा, आणि त्याच्या मागे पेट्रोलची पुसट छटा. हा वास त्यांना लहानपणापासून ओळखीचा होता. त्यांचे वडील कपड्यांवरचे डाग काढायचे एक पाणी विकत, ते याच राज्यातल्या एका पाइनच्या चिकापासून गाळलेले असे.

हॅस्केलबाईंनी सदरा काचेच्या बरणीत घालून झाकण लावले आणि ओबेदला बोलावून घेतले.

"मंगळवारचा चीक कुठला होता?"

"पाइनचा."

"कुठल्या पाइनचा?"

"बाई, पाइन म्हणजे पाइन. सुया असतात, चीक असतो."

"कुठून आणला?"

खालच्या रानातले डबे भरले नव्हते, म्हणून टोळी सोमवारी खिंडीपलीकडे गेली होती आणि तिथल्या झाडांवर आधी टांगलेल्या डब्यांत साठलेला चीक घेऊन आली होती. झाडे तशीच उंच होती, साल तशीच तांबूस होती, चीकही दिसायला तसाच. फक्त एका गड्याने परत आल्यावर सांगितले होते की तिकडच्या झाडांच्या सालीला केकचा वास येतो. त्यावर सगळी टोळी दोन दिवस त्याला जेवणाच्या वेळी विचारत होती, आज झाड खाणार की भाकरी.

"ते जेफ्री पाइन," हॅस्केलबाई म्हणाल्या. "इथल्या पोरांनाही माहीत आहे. सालीला नाक लावून ओळखतात."

"आमच्याकडे झाडाला नाक लावत नाहीत."

"म्हणून तुमच्याकडच्या लोकांच्या भुवया जागेवर असतात का?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बादली घेऊन खिंडीपलीकडे गेल्या. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी तो चीक गाळला. खोलीत आग कुठेही नाही; घरात चुलीवर वाळू तापवायची, परात उचलून आणायची आणि काचेचा चंबू तिच्यात बसवायचा. पाण्याबरोबर पाँडेरोसाचा चीक आमच्या या उंचीवर साधारण नव्वद अंशांना वाफ धरतो. खिंडीपलीकडचा चीक चौऱ्याहत्तर अंशांनाच धावू लागला. जे गळून आले ते पाण्यासारखे नितळ होते. कापडावर थेंब टाकला तर मिनिटात उडून जाई आणि डाग राहत नसे. ते हेप्टेन होते.

हेप्टेन पेट्रोलमध्येही असते, पण तिथे ते शेकडो भावंडांच्या गर्दीत असते आणि त्यांच्यापासून वेगळे काढणे मोठ्या प्रयोगशाळांनाही जड जाते. कार्बनचे सात अणू एका सरळ ओळीत, आणि त्यांना धरून हायड्रोजनचे सोळा. फांदी नाही, वळण नाही. बहुतेक पाइनच्या चिकात सापडतात ती द्रव्ये कडी घातलेली, गुंतागुंतीची असतात. जेफ्री पाइन ते सगळे सोडून ही एकच साधी साखळी बनवतो आणि जवळपास निर्भेळ बनवतो. का, हे हॅस्केलबाईंना ठाऊक नाही. त्यांनी ज्यांना विचारले त्यांनाही नाही. वाऱ्यावर हलणारे दीडशे फुटी झाड, ना भट्टी, ना नळी, ना तापमापक, आणि त्याच्या खाचेतून हे ठिबकते. चीक गाळण्याच्या चार दिवसांत त्यांनी दुकान दोनदा उशिरा उघडले. त्यांच्या बाबतीत हे पूर्वी घडल्याची गावात कोणाला आठवण नाही.

त्यातले अर्धा गॅलन त्यांनी आपल्या फोर्ड गाडीत घालून पाहिले. गाडी चालू झाली, पण चढ लागताच इंजिनातून ठोके यायला लागले, आत कोणी हातोडी घेऊन बसल्यासारखे. सरळ साखळीचे हे असेच असते. इंजिनात दाबली गेली की ती तुटते आणि ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपली आपण पेटते. पूर्वेकडच्या प्रयोगशाळांनी तीन वर्षांपूर्वी पेट्रोलचे ठोके मोजायची पट्टी ठरवायला घेतली, तेव्हा जे सगळ्यात कमी ठोकते ते शंभर धरले. तेही असेच एक द्रव्य, पण आठ कार्बनचे आणि फांद्या फुटलेले. जे सगळ्यात जास्त ठोकते ते शून्य. ते शून्य म्हणजे हेप्टेन.

अपघाताचा उलगडा आता सोपा होता. हेप्टेनची वाफ लवकर आणि जोरात आली. टर्पेंटाइनसाठी बांधलेल्या नळीला ती सगळी थंड करता आली नाही. उरलेली वाफ नळीच्या टोकातून बाहेर पडली. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून वर न जाता जमिनीलगत सरकत भट्टीच्या तोंडापर्यंत गेली. तिथे लॉनी लाकडे सारत होता.

सुनावणी बुधवारी, २६ जूनला शाळेच्या इमारतीत झाली. न्यायाधीश पीक एरवी लोखंडी सामानाचे दुकान चालवतात. त्यांनी हॅस्केलबाईंचे म्हणणे मधे न बोलता ऐकले. व्हिटकॉम यांनीही ऐकले आणि म्हटले की झाडाची चूक मान्य, पण कान धड असलेल्या भट्टीवाल्याला फरक ऐकू आला असता. ही वाफ वेगळी होती, हे त्याच्या लक्षात आले नाही, यातच सगळे आले.

"तपासून बघू या," हॅस्केलबाई म्हणाल्या.

शाळेच्या मैदानात एक चादर आधीच दोरीवर टाकली होती. तिच्या मागे चार चंबू, चार पराती वाळू. प्रत्येक चंबूची नळी चादरीच्या भोकातून बाहेर काढलेली, आणि चारही नळ्यांची तोंडे कापडाने बांधलेली, म्हणजे वासावरून कोणी काही म्हणायला नको. पन्नास पावलांच्या आत सिगारेट ओढायची नाही, असे न्यायाधीशांनी बजावले आणि स्वतःचा पाइप शाळेच्या खिडकीत ठेवून आले. गावातले सत्तरएक लोक कुंपणाशी उभे होते. लॉनी पहिल्या बाकावर, हात पोटाशी धरून.

ओबेद पहिल्या नळीशी गुडघ्यांवर बसला.

"चीक. खालच्या रानातला. पाणी भरपूर आहे."

दुसऱ्या नळीशी तो क्षणभरच थांबला. "नुसतं पाणी. हे कोणीही सांगेल."

"मला नसतं सांगता आलं," न्यायाधीश म्हणाले.

"तुम्ही खिळे विकता, साहेब."

कुंपणाशी हशा झाला. तिसऱ्या नळीशी तो म्हणाला, "हाही खालचा चीक, पण पाणी कमी घातलंय. अजून दहा मिनिटांनी तडतडेल." हॅस्केलबाईंनी हातातल्या कागदावर खूण केली. त्यांनी पाणी मुद्दाम एक पेलाभर कमी घातले होते.

चौथ्या नळीला त्याने कान लावला. तो उठला नाही. अर्धा मिनिट गेला, मग पूर्ण मिनिट. लॉनीने विचारले, "दाजी, झोपलात का?"

"गप्प बस," ओबेद म्हणाला. मग कान न काढता बोलला, "हाच. मंगळवारचा. हा तापायच्या आधीच उकळतो."

हॅस्केलबाईंनी चादरीमागे जाऊन तापमापक वाचला. चौऱ्याहत्तर. चारही उत्तरे बरोबर होती. कुंपणाशी कोणीतरी टाळ्या वाजवल्या. लॉनीने आपले गुंडाळलेले हात वर करून दाखवले आणि आपली टाळी उधार राहिली, असे सांगितले.

तेव्हा व्हिटकॉम उठले. आवाज न चढवता त्यांनी विचारले, "गूल्सबी, तुमचा कान उत्तम आहे. माझी तक्रार चुकीची होती, मी ती मागे घेतो. आता एवढंच सांगा, मंगळवारी हा आवाज तुम्हाला ऐकू आला होता का?"

'नाही' असे उत्तर आले असते, तर नुकताच सिद्ध झालेला कान परत गेला असता. हो असे आले असते, तर त्याने ऐकूनही आग विझवली नाही, असा अर्थ झाला असता. भट्टीवर अनोळखी आवाज आला की आधी आगीवर पाणी ओतायचे आणि मग विचार करायचा, हा नियम टोळीतल्या प्रत्येकाला ओबेदनेच शिकवला होता. लॉनीला तर पहिल्याच दिवशी.

हॅस्केलबाई न्यायाधीशांकडे वळल्या. "याला उत्तर द्यायलाच हवं असं आहे का?"

"नाही," पीक म्हणाले. "गूल्सबी, तुम्ही गप्प राहू शकता."

"ऐकू आला होता," ओबेद म्हणाला.

"मग?"

"धार सव्वानऊलाच सुरू झाली. रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी. मला वाटलं, डोंगर. इथे पाणी लवकर उकळतं, हे आल्या आल्या कळलं होतं. सगळेच हंडे थोडे लवकर यायचे. म्हटलं, आज आणखी थोडं लवकर."

"तोपर्यंत ठीक. त्यानंतर?" व्हिटकॉम यांनी विचारले.

"नऊ अडतीसला मी कान लावला. घड्याळ बघूनच लावतो." ओबेद म्हणाला. "एकतीस वर्षं ऐकतोय. चीक उकळताना घरात दहा माणसं एकदम बोलतात तसं असतं. त्यातून एक आवाज निवडायचा असतो. त्या दिवशी एकच होता. बारीक, सरळ. कुठे अडखळत नव्हता. असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं."

"मग आग विझवायला का नाही सांगितलंत?"

"सांगायला हवं होतं. पहिल्याच क्षणी कळलं होतं."

"मग?"

"मी ऐकत राहिलो. दोन मिनिटं. ते फार छान होतं, साहेब. मला आणखी थोडं ऐकायचं होतं."

हे लिहून घेणाऱ्या लेखनिकाने शेवटचे वाक्य परत विचारले. ओबेदने तेच परत सांगितले.

लॉनी बाकावरून उठला. कुंपणाचे फाटक उघडायला त्याला हात वापरता येत नव्हते. फाटकाशी उभ्या असलेल्या एका बाईने ते उघडून दिले. तो रस्त्याने खाली गेला. जाताना त्याने ओबेदकडे पाहिले की नाही, याबद्दल उपस्थितांत एकमत नाही.

न्यायाधीशांनी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सुनावणी संपवली. दोन मिनिटांत आग विझवून वाफ थांबली असती का, हा प्रश्न त्यांनी हॅस्केलबाईंना विचारला. त्या म्हणाल्या की वाफ त्या वेळी जमिनीवर कुठवर पोचली होती, हे कोणी पाहिले नसल्यामुळे त्यांना सांगता येणार नाही. अंदाज मागितला तर तोही देणार नाहीत. निकाल शुक्रवारी सकाळी दहाला आहे.

गुरुवारी दुपारी हॅस्केलबाईंच्या नावे पूर्वेकडच्या एका इंजिन प्रयोगशाळेची तार आली. त्यांनी तिथे काम करणाऱ्या एका जुन्या वर्गमित्राला आठ-दहा दिवसांपूर्वी आपल्या चंबूतले हेप्टेन बाटलीत भरून पाठवले होते. तारेत म्हटले आहे की इतके शुद्ध हेप्टेन त्यांनी पाहिलेले नाही, पट्टीच्या शून्यासाठी त्यांना दोनशे गॅलन हवे आहे, आणि ते सुरक्षितपणे गाळू शकेल असा माणूस तिथे आहे का, असेही विचारले आहे. हॅस्केलबाईंनी ती ओबेदच्या खोलीवर नेऊन दिली. त्याने दोनदा वाचली. "लॉनीला दाखवलीत का?" एवढेच विचारले. त्यांनी नाही म्हटले.

गुरुवारी तारघर सहाला बंद झाले. तोपर्यंत प्रयोगशाळेला उत्तर गेलेले नव्हते. लॉनी बुधवार संध्याकाळपासून टोळीच्या तंबूत आहे आणि त्याच्याशी ओबेदचे बोलणे झालेले नाही. ओबेदला साडेसहाच्या सुमारास खिंडीच्या वाटेने वर जाताना दोघांनी पाहिले. त्याच्याजवळ बादली होती की नाही, हे दोघांनाही नक्की सांगता आले नाही.